जिभेखालचा लगाम : एका छोट्या छेदाचा दोन हजार वर्षांचा इतिहास



आजच्या भागात आपण ज्या शस्त्रक्रियेचा इतिहास बघणार आहोत, ती उरकायला अर्धा मिनिटही लागत नाही. तान्ह्या बाळाची जीभ वर उचलायची, खालचा पातळ पडदा कात्रीने कापायचा, रक्ताचे दोन-चार थेंब टिपायचे आणि बाळाला आईच्या कुशीत द्यायचं. झालं. पण एवढ्याशा छेदाच्या इतिहासात फ्रान्सचा एक राजा आहे, युरोपातल्या सुइणींची वाढवलेली नखं आहेत, बर्लिनचा एक नावाजलेला सर्जन आहे आणि बारामतीत जन्मलेला एक शास्त्रज्ञसुद्धा आहे. आणि हा इतिहास संपलेला नाही. तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला असा की बंगळूरला. तुमच्या घरात किंवा शेजारी नुकतं बाळ झालं असेल, तर ‘याची जीभ चिकटलेली आहे, कापून घ्या’ हे वाक्य तुमच्या कानावर पडण्याची शक्यता आज बरीच आहे.

आधी आपण कशाबद्दल बोलतोय ते पाहू. आरशासमोर उभे राहा, तोंड उघडा आणि जिभेचं टोक टाळूला लावा. जिभेच्या खालून तोंडाच्या तळाकडे जाणारी एक उभी घडी दिसेल. तिला लॅटिनमध्ये ‘फ्रेनम’ म्हणतात. फ्रेनम म्हणजे घोड्याचा लगाम. लहानशी असेल तर ‘फ्रेन्युलम’, म्हणजे छोटा लगाम. आता वरचा ओठ बोटांनी उचला. ओठाच्या आतल्या बाजूपासून दोन पुढच्या दातांमधल्या हिरडीकडे येणारा असाच एक पदर दिसेल. तोही फ्रेनमच. हे दोन्ही लगाम प्रत्येकाला असतात, कुणाचे लांब, कुणाचे आखूड, कुणाचे पातळ, कुणाचे जाड. जिभेखालचा लगाम इतका आखूड किंवा इतका पुढे असला की जिभेच्या हालचालीला अडथळा येतो, तेव्हा त्याला ‘टंग-टाय’ म्हणतात. वैद्यकीय नाव अँकिलोग्लॉसिया. ओठाच्या लगामाला अलीकडे ‘लिप-टाय’ म्हणू लागले आहेत.

आता कळीचा मुद्दा. लगाम सगळ्यांनाच असतो, तर ‘फार आखूड’ कुठून सुरू होतं? आणि लगाम आखूड आहे म्हणूनच त्रास होतोय, हे कसं ठरवायचं? दोन हजार वर्षं माणसं या दोन प्रश्नांभोवती फिरत आहेत. कापायचं कसं, हे फार लवकर कळलं. कापल्याने काय होईल, हे मात्र सांगता येईना.

सेल्ससने पाहिलेला माणूस

ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलने प्राण्यांवर लिहिताना माणसाच्या जिभेचे प्रकार सांगितले आहेत. काहींची जीभ मोकळी असते, काहींची बांधलेली, आणि बोबडं बोलणाऱ्यांची तशी असते, असं त्याचं निरीक्षण. म्हणजे जीभ बांधलेली असणं आणि बोलणं अडणं यांची सांगड दोन हजार वर्षांहून जुनी आहे. बायबलच्या नव्या करारात, मार्कच्या शुभवर्तमानात, बहिऱ्या आणि अडखळत बोलणाऱ्या माणसाला येशूने बरं केल्याची कथा येते. तिथेही त्याच्या जिभेचं बंधन सुटल्याचीच भाषा आहे.

शस्त्रक्रियेचं स्पष्ट वर्णन मिळतं ते इसवी सनाच्या पहिल्या शतकात, रोमन लेखक सेल्ससच्या वैद्यकग्रंथात. जिभेचं टोक चिमट्याने धरा, खालचा पडदा कापा आणि शेजारच्या रक्तवाहिन्यांना धक्का लागणार नाही याची फार काळजी घ्या, असं तो सांगतो. आजच्या पाठ्यपुस्तकातही सूचना साधारण हीच आहे. पण सेल्सस इथे थांबत नाही. तो आपल्या माहितीतल्या एका माणसाबद्दल सांगतो. त्या माणसाचा पडदा कापला, त्याला जीभ दातांच्या पलीकडे छान बाहेर काढता येऊ लागली, पण बोलणं काही आलं नाही. यावरून सेल्सस एक निष्कर्ष काढतो : वैद्यकात काय करायचं हे ठरलेलं असलं, तरी त्याचा परिणामही ठरलेलाच असेल असं नाही.

मंडळी, आजचा सगळा भाग तुम्ही विसरलात तरी हा माणूस लक्षात ठेवा. त्याची जीभ सुटली होती. शस्त्रक्रिया यशस्वी झाली होती. फक्त ज्यासाठी ती केली, ते घडलं नाही.

सेल्ससनंतर सातव्या शतकातल्या एजिनाच्या पॉलने आणि साधारण इ.स. १००० च्या सुमारास स्पेनमधल्या कॉर्दोबाच्या अल-झहरावीने ही शस्त्रक्रिया नोंदवली. काहींची जीभ जन्मतः बांधलेली असते आणि काहींची जखम भरताना व्रणामुळे आखडते, हा फरक त्यांच्या ग्रंथांत आहे. रक्तस्रावाचा इशाराही आहे.

आपल्याकडे काय होतं, असं तुमच्या मनात आलंच असेल. सुश्रुताने मुखाचे ६५ रोग मोजले आहेत आणि त्यात जिभेचे ५ आहेत. त्यातल्या ‘अलास’ या रोगात जीभ ताठ होते, असं वर्णन आहे. पण अलास म्हणजे जिभेखाली येणारी सूज, जन्मजात आखूड पडदा नव्हे. आजकाल दोन्ही एकच असल्याचं सांगितलं जातं, त्याला ग्रंथातल्या वर्णनाचा आधार नाही. सुश्रुताची थोरवी सिद्ध करायला त्याच्या तोंडी नसलेलं घालायची गरज नाही.

राजपुत्राची जीभ

आता आपण थेट २७ सप्टेंबर १६०१ या तारखेवर येऊ. फ्रान्समध्ये फाँतेनब्लोच्या राजवाड्यात राजा चौथा हेन्री याला मुलगा झाला. हाच पुढचा तेरावा लुई. या मुलाचा वैद्य झाँ एरोआर याने मुलाच्या जन्मापासून रोजनिशी लिहायला घेतली आणि १६२८ मध्ये स्वतःचा मृत्यू होईपर्यंत ती चालू ठेवली. मूल काय खातं, किती झोपतं, काय बोलतं, सगळं त्यात आहे. एका मुलाच्या वाढीची इतकी बारीक नोंद त्या काळात दुसरी सापडणं कठीण.

या रोजनिशीत जन्मानंतर दोनच दिवसांनी एक नोंद येते. बाळाला दूध नीट ओढता येत नव्हतं. तोंडात पाहिलं तर जिभेखालचा दोरा आड येत होता. राजाचा सर्जन गियमो याला बोलावलं आणि त्याने तो कापला. हा झाक गियमो साधासुधा माणूस नव्हता. थोर सर्जन आंब्रवाझ पारे याचा तो शिष्य, आणि बाळांच्या संगोपनावर त्याने पुढे पुस्तकही लिहिलं.

आता गंमत पाहा. तेरावा लुई आयुष्यभर अडखळत बोलत राहिला. तोतरा राजा अशीच त्याची ओळख होती. मग छेद फसला का? तसं म्हणता येणार नाही, कारण छेद दिला होता दुधासाठी. तोतरेपणा हा जिभेखालच्या दोऱ्याचा दोष नाहीच. शब्द बाहेर पडताना मेंदू ज्या लयीत स्नायूंना हुकूम देतो, त्या लयीशी त्याचा संबंध आहे. जीभ कितीही मोकळी केली तरी तो जाणार नाही. पण हे कळायला अजून तीनशे वर्षं जायची होती, आणि मधल्या काळात लोक दोन वेगळे प्रश्न एकाच गाठोड्यात बांधत राहिले : दूध ओढणं आणि बोलणं.

फ्रेंच भाषेत या पडद्याला ‘फिले’, म्हणजे दोरा, म्हणतात. अखंड बडबड करणाऱ्या माणसाबद्दल ‘याचा दोरा चांगलाच कापलाय’ असं म्हणायची तिकडे पद्धत होती. आपण ‘जिभेला हाड नाही’ म्हणतो, तसंच काहीसं. म्हण तयार व्हावी इतका हा छेद घराघरांत पोचला होता.

सुइणीचं नख आणि सर्जनची पट्टी

घराघरांत तो देत कोण होतं? बहुतेक वेळा सुईण. त्या काळच्या युरोपातल्या सर्जनांच्या लिखाणात एक तक्रार पुन्हा पुन्हा येते : सुइणी एक नख मुद्दाम वाढवतात आणि बाळ जन्मल्याबरोबर, गरज आहे की नाही हे न बघता, जिभेखालचा पडदा नखाने फाडतात. या तक्रारीत व्यवसायाची चढाओढही होती, हे विसरू नका. बाळंतपणाच्या खोलीत सर्जनना शिरकाव हवा होता आणि सुईण त्यांच्या वाटेत होती. तरी नखातली घाण, जंतुसंसर्ग आणि रक्तस्राव हे धोके खरेच होते.

अठराव्या शतकात पॅरिसचा सर्जन झाँ-लुई प्ती याने या प्रश्नाकडे दोन बाजूंनी पाहिलं. छेद सुरक्षित व्हावा म्हणून हत्यार सुधारण्यात त्याचा वाटा होता. मूठ रुंद आणि चपटी, तिच्यात मधोमध एक फट. पडदा त्या फटीत बसवायचा, मुठीने जीभ वर धरायची आणि मगच कात्री चालवायची, म्हणजे कात्री जिभेला किंवा रक्तवाहिनीला लागत नाही. फुलपाखराच्या पंखांसारखी मूठ असलेली ही खाचेची पट्टी आजही शस्त्रक्रियेच्या साहित्यात असते. कितीतरी विद्यार्थी ती हाताळतात, पण मुठीतली फट कशासाठी, हे त्यांना ठाऊक नसतं. दुसरी बाजू म्हणजे, याच प्तीने इशाराही दिला : पडदा फार खोल कापला तर बाळाची जीभ मागे वळून श्वास अडकू शकतो, आणि अशी बाळं दगावल्याचं त्याने नोंदवलं. हत्यार सुधारणारा माणूसच सांगत होता, जपून.

१८४१ : एका कल्पनेची साथ

हा जपून राहण्याचा सल्ला किती सहज विसरला जातो, ते १८४१ मध्ये दिसलं. योहान फ्रीडरिक डीफेनबाख हा बर्लिनचा सर्जन. प्लास्टिक सर्जरीच्या आद्य प्रवर्तकांत त्याचं नाव घेतात. १८३९ मध्ये त्याने तिरळ्या डोळ्याचा स्नायू कापून डोळा सरळ करून दाखवला होता. त्या यशावरून त्याला वाटलं, तोतरेपणा हाही स्नायूचा आचकाच असेल, तर जिभेचे स्नायू का कापू नयेत? जानेवारी १८४१ मध्ये त्याने एका १३ वर्षांच्या मुलाच्या जिभेच्या मुळाशी आडवा छेद दिला. पुढे काही रुग्णांच्या जिभेची पाचरीसारखी फोडच काढली. भूल नव्हती. ईथरची भूल जगापुढे यायला १८४६ उजाडावं लागलं.

रुग्ण त्यानंतर काही दिवस न अडखळता बोलले, अशा बातम्या आल्या. जिभेला एवढी जखम झालेला माणूस सावकाश आणि जपून बोलणारच. पण बातमी पसरली आणि फ्रान्स-इंग्लंडमधले सर्जन सरसावले. कुणी जिभेखालचे स्नायू कापले, लंडनमध्ये कुणी टॉन्सिल आणि पडजीभ कापली. जखमा भरल्यावर अडखळणं परतलं. काही रुग्णांचे प्राण गेले. त्याच वर्षात ही लाट ओसरली.

डीफेनबाख भोंदू नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो. तो अत्यंत कुशल सर्जन होता. चूक हाताची नव्हती, तर्काची होती. एका ठिकाणी कापून फायदा झाला म्हणून दुसऱ्या ठिकाणीही होईल, आणि लगेच दिसलेला फरक म्हणजे बरं होणं, हे दोन तर्क त्याने तपासले नाहीत. हेच दोन तर्क पुढेही आपल्याला भेटणार आहेत.

बाटली आली, टंग-टाय गेला

विसाव्या शतकात एक चमत्कारिक गोष्ट घडली. टंग-टाय जवळजवळ गायब झाला. बाळांच्या जिभा बदलल्या नव्हत्या. बदललं होतं बाळांचं दूध. पाश्चात्त्य देशांत दुधाची पावडर आणि बाटली रूढ झाली. १९७० च्या सुमारास अमेरिकेत जन्मलेल्या बाळांपैकी जेमतेम पाव बाळांना आई अंगावर पाजत होती. बाटलीतून दूध ओढायला जिभेचे कष्ट वेगळे असतात, छिद्र मोठं करता येतं, आणि रबराच्या बोंडीला दुखत नाही. त्यामुळे त्रासच दिसेना. मग डॉक्टरांच्या एका पिढीला टंग-टाय म्हणजे आजीबाईंचा समज वाटू लागला. १९६३ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात वॉलेस यांनी व्याख्या दिली तीसुद्धा कडक होती : पडदा आखूड असल्यामुळे जिभेचं टोक खालच्या पुढच्या दातांच्या बाहेर काढता येत नसेल, तरच टंग-टाय म्हणा. तान्ह्या बाळाला दातच नसतात, हे लक्षात घ्या. म्हणजे प्रश्न आता दुधाचा राहिलाच नव्हता.

याच काळात ओठाच्या लगामाकडे दंतवैद्यांचं लक्ष गेलं, पण ते दुधासाठी नव्हे, दातांमधल्या फटीसाठी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑर्थोडॉन्टिक्सचे जनक मानले जाणारे एडवर्ड अँगल यांचं मत होतं की वरच्या दोन पुढच्या दातांमधली फट ओठाच्या जाड लगामामुळे पडते. मग लगाम काढून टाकायची शस्त्रक्रिया, म्हणजे फ्रेनेक्टमी, रूढ झाली. पण १९३७ मध्ये ब्रॉडबेंट यांनी दाखवलं की साधारण ७ ते १२ वर्षांच्या काळात मुलांच्या पुढच्या दातांत फट असणं हा वाढीचाच टप्पा आहे. सुळे खाली उतरले की बहुतेक फटी आपोआप मिटतात. या टप्प्याला त्यांनी ‘कुरूप बदकाचं पिल्लू’ असं नाव दिलं. तेव्हापासून सर्वसाधारण शिस्त अशी झाली की सुळे येईपर्यंत थांबा. फट राहिलीच तर आधी दात तारेने जवळ आणा आणि लगाम आड येत असेल तर मग कापा.

तपासणीही सोपी आहे. ओठ ताणून धरायचा आणि दातांमधली हिरडी पांढरी पडते का ते पाहायचं. पडत असेल तर लगामाचे धागे तिथपर्यंत पोचले आहेत. १९७४ मध्ये प्लाचेक आणि सहकाऱ्यांनी लगाम कुठवर पोचतो यावरून चार प्रकार केले, ते दंतवैद्यकात आजही शिकवतात. मोठ्या माणसांत लगामाच्या ओढीने हिरडी खाली सरकत असेल, किंवा कवळी नीट बसत नसेल, तर ही शस्त्रक्रिया खरोखर उपयोगी पडते. कारण स्पष्ट, परिणाम मोजता येण्यासारखा. दंतवैद्यकाने इथे जी शिस्त कमावली, ती पुढे तान्ह्या बाळांच्या बाबतीत मात्र सुटली.

अंगावरचं दूध परतलं, प्रश्नही परतला

१९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने बाळदुधाच्या जाहिरातींवर आंतरराष्ट्रीय संहिता संमत केली. १९९१ मध्ये युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेने बाळस्नेही रुग्णालयांचा उपक्रम सुरू केला. भारतात १९९२ मध्ये बाळदूध आणि बाटल्यांच्या प्रचारावर कायद्याने बंधन आलं. पाश्चात्त्य देशांत आया पुन्हा अंगावर पाजू लागल्या आणि तीनशे-चारशे वर्षांपूर्वीच्या सुइणींना जे दिसत होतं ते पुन्हा दिसू लागलं. काही बाळांना नीट पकडता येत नाही, आईच्या स्तनाग्रांना चिरा पडतात, प्रत्येक वेळी पाजताना डोळ्यांतून पाणी येतं, आणि बाळाचं वजन वाढत नाही.

हा त्रास खरा आहे. त्याला ‘नव्या आईचे नखरे’ म्हणून उडवून लावणारे डॉक्टर चुकत होते. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियात डॉना गेडीस यांनी सोनोग्राफीने दाखवलं की जीभ बांधलेली असलेली काही बाळं स्तनाग्र चेपतात, आणि छेदानंतर ते चेपणं कमी होऊन दूध जास्त मिळतं.

आता इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचा एक अभ्यास पाहू. २००२ मध्ये काही महिन्यांत जन्मलेल्या १,८६६ बाळांपैकी २०१ बाळांना टंग-टाय आढळला. त्यातल्या ८८ बाळांना दूध पिताना अडचण होती. म्हणजे अर्ध्याहून जास्त बाळं बांधलेल्या जिभेनेही मजेत दूध पीत होती. अडचण असलेल्यांपैकी ५७ बाळांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. २८ बाळांना लगेच छेद दिला, २७ सुधारली. २९ बाळांच्या आयांना फक्त पाजण्याचं मार्गदर्शन दिलं, त्यातलं १ सुधारलं. २००५ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि छेदाचे दिवस पुन्हा आले.

निकाल भरघोस होता, पण दोन गोष्टी त्यात होत्या. एक, सुधारणा ठरवली ती बहुतांशी आयांच्या सांगण्यावरून, आणि कोणत्या बाळाला छेद दिला हे त्यांना माहीत होतं. दोन, तुलना फक्त ४८ तासांची होती. २०१७ मध्ये कॉक्रेन संस्थेने तोवरच्या ५ चाचण्या, एकूण ३०२ बाळं, एकत्र तपासली. आईचं दुखणं छेदानंतर थोड्या काळात कमी होतं, असं दिसलं. बाळाचं दूध पिणं सुधारतं, हे मात्र सातत्याने दिसलं नाही. पुढे ब्रिटनमध्ये मोठी चाचणी आखली गेली. त्यात ८७० जोड्या घ्यायच्या होत्या, पण जेमतेम १६९ मिळाल्यावर ती थांबवावी लागली. बाळ उपाशी आहे आणि आईला वेदना आहेत, अशा वेळी ‘थांबून पाहू’ या गटात राहायला फारसं कुणी तयार होईना. अशा आईला दोष कोण देईल?

लेझर, आणि लगामाचे नवे प्रकार

याच सुमारास दंतवैद्यांच्या हाती लेझर आलं. त्यात कार्बन डायऑक्साइड लेझरचा मान मोठा. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये ते बनवलं कुमार पटेल यांनी. १९३८ मध्ये बारामतीत जन्मलेले आणि पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून पदवी घेतलेले हेच ते शास्त्रज्ञ, ज्यांचा मी सुरुवातीला उल्लेख केला. या लेझरची १०.६ मायक्रोमीटर लांबीची लहर पाणी चटकन शोषून घेतं. आपले मऊ अवयव बहुतांशी पाण्याचेच, त्यामुळे किरण पडेल तिथला पातळ थर वाफ होऊन जातो आणि रक्त फारसं येत नाही. हिरडी-ओठाच्या कामात हे साधन उत्तमच आहे. पण तान्ह्या बाळाच्या पातळ पडद्यासाठी ते साध्या कात्रीपेक्षा सरस ठरल्याचं सिद्ध झालेलं नाही. महाग मात्र नक्की आहे.

२००४ मध्ये ‘मागचा टंग-टाय’ ही कल्पना मांडली गेली : पडदा दिसत नाही, बोटाला लागतो. पाठोपाठ ओठाच्या लगामाचे तान्ह्या बाळांसाठी चार वर्ग आले, आणि मग गालाचे लगामही मोजले जाऊ लागले. आता कुठल्याही बाळाच्या तोंडात कुठला ना कुठला लगाम सापडणारच. २०१७ च्या एका अभ्यासात १०० नवजात बाळांचे ओठ उचलून पाहिले. सगळ्या १०० बाळांना वरच्या ओठाचा लगाम होता आणि बहुतेकांचा हिरडीच्या कडेपर्यंत पोचलेला होता. म्हणजे ज्याला दोष म्हणत होते, तो नवजात बाळाचा नेहमीचा घाट निघाला. शिवाय तेच ओठ वेगवेगळ्या डॉक्टरांनी पाहिले तर वर्ग वेगवेगळे येत.

अमेरिकेतल्या रुग्णालयांत नवजात बाळांच्या टंग-टायच्या नोंदी १९९७ मध्ये सुमारे ३,९०० होत्या, २०१२ मध्ये ३२,८०० झाल्या. छेद १,३०० च्या आतून १२,४०० च्या वर गेले. पंधरा वर्षांत जिभा एवढ्या बदलत नाहीत. २०१४ मध्ये ब्राझीलने तर कायदा करून प्रत्येक नवजात बाळाच्या जिभेची तपासणी सक्तीची केली.

आणि शरीररचनेचं काय? ज्याला दोन हजार वर्षं दोरा म्हणत आलो, तो दोरा नाहीच, हे न्यूझीलंडच्या निकी मिल्स आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये सूक्ष्म विच्छेदन करून दाखवलं. तोंडाच्या तळाशी एक पातळ आवरण पसरलेलं असतं. जीभ वर केली की ताणाने त्याची मधोमध घडी पडते, जशी धोतराची किंवा साडीची कापड उचलल्यावर पडावी. ती घडी म्हणजे फ्रेन्युलम. आणि जिभेच्या संवेदना नेणाऱ्या चेतातंतूच्या शाखा याच आवरणाच्या लगेच खाली असतात. ‘खोलवर मोकळं करतो’ असं कुणी म्हणालं, तर तो खोलवर कशाच्या जवळ जाणार आहे, हे आता आपल्याला माहीत आहे.

२०२४ मध्ये अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञ संघटनेने या सगळ्याचा आढावा घेऊन सांगितलं की खरोखर घट्ट पडदा आणि खरोखर दूध पिण्याची अडचण, दोन्ही असतील आणि मार्गदर्शनाने भागत नसेल, तर छेद द्यावा. स्तनपान सुधारण्यासाठी ओठाचा लगाम कापण्याला मात्र पुरेसा आधार नाही.

मग आपण काय विचारायचं?

हा इतिहास ऐकून ‘म्हणजे सगळं थोतांड आहे’ असा अर्थ काढू नका. सेल्ससच्या पुस्तकातला छेद आजही उपयोगी आहे आणि योग्य बाळाला तो दिला तर आईचं दुखणं त्याच दिवशी कमी होऊ शकतं. पण प्रत्येक युगाने या पडद्यावर आपापल्या चिंतेचं ओझं टाकलं. रोमन काळात वाणीचं, राजवाड्यात दुधाचं, १८४१ मध्ये तोतरेपणाचं, नंतर दातांच्या फटीचं, आणि आज या सगळ्याचं एकदम, वर झोपेचं आणि घोरण्याचंही. पडदा मात्र तोच आहे.

म्हणून घरात हा प्रश्न आला, तर डॉक्टरांना चार गोष्टी शांतपणे विचारा. त्रास नेमका कोणता आहे : दुखणं, वजन, की फक्त तोंडात पडदा दिसतोय? पाजताना कुणी प्रत्यक्ष शेजारी बसून बाळाची पकड पाहिली आहे का? छेद दिल्यावर काय सुधारायला हवं आणि ते किती दिवसांत मोजायचं? आणि नाही सुधारलं तर पुढे काय? बाळाला व्हिटॅमिन के दिलंय का आणि घरात कुणाला रक्त न थांबण्याचा आजार आहे का, हेही सांगायला विसरू नका. मोठ्या मुलाच्या बोलण्यासाठी कुणी छेद सुचवला, तर आधी वाचातज्ज्ञाला दाखवा. आपल्या मराठीतल्या ट, ण, ळ या उच्चारांना जिभेचं टोक वर वळवावं लागतं. ते वळतंय पण उच्चार येत नाही, की वळतच नाही, हा फरक तज्ज्ञ सांगू शकतो.

जो डॉक्टर या प्रश्नांनी वैतागत नाही, उलट स्वतःच त्यांची उत्तरं द्यायला बसतो, त्याच्या हाती कात्री द्यायला हरकत नाही. कारण सेल्ससचा तो माणूस त्याने ओळखलेला असतो : जीभ सुटलेला, आणि तरीही न बोललेला.